कचरा व्यवस्थापन आणि वेठमुक्त श्रम

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

वेठबिगारी हा शब्द कानी पडताच वीटभट्टी, दगडखाण किंवा सावकाराच्या शेतावर कर्जापोटी राबणारा मजूर डोळ्यांसमोर येतो. शहरातील कचरा उचलणारी यंत्रणा मात्र सहसा आठवत नाही. महानगरपालिकेशी करार केलेली कंपनी, तिच्या घंटागाड्या, वजनकाटा, वर्गीकरण केंद्र, संगणकावरील नोंदी हे सारे आधुनिक व्यवस्थापनाचे चित्र आहे. त्याचा गुलामगिरीशी काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. या व्याख्यानाचा विषय नेमका हाच संबंध आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या वार्षिक अहवालानुसार देशात दररोज सुमारे १ लाख ६० हजार टन घनकचरा निर्माण होत होता. हा कचरा उचलणे, वाहून नेणे, वेगळा करणे आणि त्यातील उपयुक्त भाग कारखान्यांपर्यंत पोहोचविणे यांसाठी लक्षावधी हात लागतात. यातील काही हात नगरपालिकेच्या नोकरीत असतात, काही कंपनीच्या, काही ठेकेदाराच्या, तर असंख्य हात कोणाच्याच नोंदवहीत नसतात. ज्याची नोंद नाही त्याचे वेतन, त्याचे कर्ज आणि त्याचे स्वातंत्र्य कोणी मोजत नाही. आधुनिक गुलामगिरीचा प्रवेश याच मोकळ्या जागेतून होतो.

संकल्पनेचा अर्थ

‘आधुनिक गुलामगिरी’ हा शब्दप्रयोग व्यापक आहे. सक्तीचे श्रम, कर्जापोटीची वेठबिगारी, मानवी अपव्यापार आणि सक्तीचा विवाह यांचा त्यात समावेश होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व तिच्या सहयोगी संस्थांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातील सुमारे ४ कोटी ९६ लाख व्यक्ती अशा स्थितीत होत्या. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख व्यक्ती सक्तीच्या श्रमात अडकलेल्या होत्या.

सक्तीच्या श्रमाची व्याख्या या संघटनेच्या १९३० च्या २९ व्या करारात आढळते. कोणत्याही शिक्षेचा धाक दाखवून करून घेतलेले आणि व्यक्तीने स्वखुशीने न स्वीकारलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम होत. भारताने हा करार १९५४ मध्ये व सक्तीच्या श्रमाच्या निर्मूलनाविषयीचा १०५ वा करार २००० मध्ये मान्य केला. सक्ती ओळखण्यासाठी संघटनेने अकरा निदर्शके दिली आहेत. फसवणूक, हालचालींवरील बंधने, एकाकीपणा, धमकी, ओळखपत्रे काढून घेणे, वेतन अडवून ठेवणे, कर्जाचा पाश, अमर्याद काम ही त्यांतील प्रमुख होत.

येथे एक भेद स्पष्ट असावा. दारिद्र्य आणि गुलामगिरी या एकच गोष्टी नव्हेत. रस्त्यावरील भंगार वेचून ते आपल्या पसंतीच्या दुकानदारास विकणारी स्त्री अत्यंत कष्टप्रद जीवन जगते. तरी ती उद्या दुसऱ्या दुकानदाराकडे जाऊ शकते. ज्या दिवशी तिने घेतलेल्या उसनवारीमुळे एकाच दुकानदारास, त्याच्याच भावाने माल देण्याचे बंधन येते, त्या दिवशी तिच्या स्थितीचे स्वरूप बदलते. काम सोडून जाता येते काय, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

कचरा व्यवसायच का?

सक्तीच्या श्रमास पोषक ठरणाऱ्या बहुतेक परिस्थिती या व्यवसायात एकत्र येतात. हाताने वर्गीकरण करण्याच्या कामास शिक्षण किंवा भाषेचे ज्ञान लागत नाही. त्यामुळे परप्रांतातून नुकताच आलेला मजूर पहिल्या दिवसापासून कामास लावता येतो. काम पहाटे, रात्री किंवा शहराबाहेरच्या कचराभूमीवर चालते. ते नागरिकांच्या दृष्टीआड राहते. मजुरी पुष्कळदा वजनावर दिली जाते आणि वजनकाटा देणाऱ्याच्या हाती असतो. भारतात यास जातीय विषमतेची जोड मिळते. पिढ्यान्‌पिढ्या सफाईचे काम ज्या समाजघटकांवर लादले गेले, त्यांच्या श्रमाचे मोल कमी लेखण्याची सवय समाजात रुजलेली आहे.

यात निविदापद्धतीची भर पडते. कचरा उचलण्याचे काम सामान्यतः सर्वांत कमी दराच्या निविदेस मिळते. वाहन, इंधन आणि यंत्र यांचे दर बाजार ठरवितो. त्यांत फारशी काटकसर शक्य नसते. उरतो तो मजुरीचा खर्च. कंपनी काही काम ठेकेदारास देते, ठेकेदार उपठेकेदारास, उपठेकेदार मुकादमास. प्रत्येक पायरीवर थोडा नफा कापला जातो आणि प्रत्येक पायरीवर थोडी जबाबदारी गळते. अखेरच्या पायरीवर वेतन अपुरे उरते आणि जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

उचलीचे गणित

कर्जाचा पाश कसा आवळत जातो, हे एका कल्पित उदाहरणावरून समजून घेता येईल. गावाकडे पीक बुडालेल्या एका जोडप्याने मुकादमाकडून ३०,००० रुपये उचल घेतली. शहराबाहेरील वर्गीकरण केंद्रात दोघांनी काम करावे आणि दोघांस मिळून महिना १४,००० रुपये मिळावेत, असे ठरले. ही रक्कम किमान वेतनाहून कमी आहे, हे त्यांस ठाऊक नाही. खोलीचे भाडे २,५०० रुपये, मुकादमाच्याच दुकानातील किराणा ६,००० रुपये आणि उचलीचा हप्ता ३,००० रुपये अशी ११,५०० रुपयांची कपात होते. हातात २,५०० रुपये पडतात.

चौथ्या महिन्यात काच लागून हाताची जखम चिघळते. औषधोपचारासाठी ८,००० रुपयांची नवी उचल होते. सणासाठी गावी जाताना आणखी ६,००० रुपये घेतले जातात. वर्षअखेर ३६,००० रुपये फेडूनही वहीत ८,००० रुपये बाकी दिसतात. वही मुकादमाकडे असते. आधार कार्ड ‘हरवू नये म्हणून’ त्याच्याच कपाटात असते. बाकी फिटेपर्यंत जाता येणार नाही, एवढे एक वाक्य मग साखळदंडाचे काम करते. येथे मारहाण नाही, कुलूप नाही. बाहेरून पाहणाऱ्यास काम करणारे एक सामान्य कुटुंब दिसते. कंपनीच्या कार्यालयात तर या कुटुंबाचे नावही पोहोचलेले नसते. तेथे पोहोचते ते फक्त वेगळ्या केलेल्या प्लास्टिकचे वजन.

ब्रिटनमधील एक खटला

ही समस्या केवळ विकसनशील देशांची आहे, असा समज असल्यास तो दूर करणारे एक प्रकरण ब्रिटनमध्ये घडले. वेस्ट मिडलंड्स विभागातील पोलिसांनी ‘ऑपरेशन फोर्ट’ या नावाने केलेला तपास आधुनिक गुलामगिरीविषयीच्या त्या देशातील सर्वांत मोठ्या तपासांपैकी एक होय. पोलंडमधील बेघर, व्यसनाधीन आणि तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या व्यक्तींना चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून एका टोळीने ब्रिटनमध्ये आणले. बळींची संख्या ४०० हून अधिक असावी, असा पोलिसांचा अंदाज होता. त्यांस गलिच्छ घरांत दाटीवाटीने ठेवण्यात आले आणि शेतांवर, कोंबडीप्रक्रिया कारखान्यांत व कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरण केंद्रांत कामास पाठविण्यात आले. काहींच्या हाती आठवड्यास अवघे २० पौंड पडत. २०१५ मध्ये दोघे निसटले आणि त्यांनी एका सेवाभावी संस्थेस सारी हकिगत सांगितली. तेथून तपासास सुरुवात झाली. पाच पुरुष व तीन स्त्रिया अशा आठ जणांना दोषी ठरवून ३ ते ११ वर्षांच्या कारावासाच्या शिक्षा झाल्या. २०१९ च्या जुलैमध्ये हा तपशील जनतेसमोर आला.

या खटल्यातील शिकण्याजोगी बाब अशी की, मजुरांचे वेतन अनेकदा रीतसर बँकेत जमा होत होते. खाती मजुरांच्या नावे होती. त्यांचा ताबा मात्र टोळीकडे होता. टोळीतील एक स्त्री मजूर पुरविणाऱ्या एका संस्थेत नोकरीस होती. कागदोपत्री सारे व्यवस्थित असताना माणसे गुलामीत होती. एकाच पत्त्यावर अनेक कामगार राहतात काय, अनेकांच्या अर्जावर एकच दूरध्वनी क्रमांक आहे काय, कामगाराऐवजी दुसरेच कोणी सतत बोलते काय, अशा साध्या प्रश्नांचे महत्त्व यातून पुढे आले. २०२० मध्ये तेथील स्वतंत्र दास्यविरोधी आयुक्तांनी उद्योगांनी या प्रकरणातून काय शिकावे, याविषयी स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली.

घोषणापत्राचा उपाय व त्याच्या मर्यादा

ब्रिटनच्या आधुनिक गुलामगिरी अधिनियम, २०१५ मधील कलम ५४ अन्वये ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या आणि ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांवर एक कर्तव्य टाकण्यात आले. आपल्या व्यवसायात व पुरवठा साखळीत गुलामगिरी असू नये यासाठी वर्षभरात काय केले, याचे घोषणापत्र त्यांनी दरवर्षी काढावयाचे असते. त्यास संचालक मंडळाची मान्यता व संचालकाची स्वाक्षरी आवश्यक असते. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये याच धर्तीवर कायदा केला. त्यामुळे हा प्रश्न कर्मचारी विभागातून संचालक मंडळाच्या मेजावर आला, हे या कायद्यांचे श्रेय होय.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. ब्रिटिश कायद्याच्या मूळ रचनेनुसार ‘आम्ही कोणतीही पावले उचलली नाहीत’ असे लिहिल्यानेही कर्तव्य पूर्ण होते आणि घोषणापत्र न काढणाऱ्यास आर्थिक दंडाची तरतूद नाही. साहजिकच काही घोषणापत्रे काळजीपूर्वक केलेल्या कामाची साक्ष देतात, तर काहींमध्ये दरवर्षी तारीख तेवढी बदलते.

भारतात भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवालाचे स्वरूप ठरविले. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून तो अनिवार्य झाला. त्यात सक्तीचे श्रम व बालमजुरी यांविषयी माहिती द्यावी लागते. मात्र कचरा व्यवसायातील बहुसंख्य ठेकेदार सूचीबद्ध नसल्याने ते या कक्षेबाहेरच राहतात.

भारतीय कायद्याची चौकट

अहवालाचे कर्तव्य अलीकडचे असले, तरी सक्तीच्या श्रमाविषयीचा भारतीय कायदा त्याहून पुष्कळ जुना आणि मुळाशी अधिक कठोर आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ अन्वये मानवी अपव्यापार व वेठबिगारी यांस मनाई आहे. हा अधिकार केवळ शासनाविरुद्ध नव्हे, तर खासगी व्यक्तीविरुद्धही लागू होतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

या अनुच्छेदाचा अर्थ १९८२ च्या पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत संघराज्य या खटल्यात विस्तृत झाला. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामांवर ठेकेदारांनी जमादारांमार्फत मजूर आणले होते. ९ रुपये २५ पैसे या किमान दैनिक वेतनातून जमादार एक रुपया कापून घेत आणि मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निर्णय दिला की, आर्थिक विवशता हीदेखील सक्तीच होय आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम अनुच्छेद २३ मधील सक्तीच्या श्रमात मोडते. काम ठेकेदाराकडे सोपविल्याने मूळ यंत्रणेची जबाबदारी संपत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. कचरा कंपनीच्या संदर्भात या निर्णयातील जमादाराच्या जागी मुकादम ठेवला, की चित्र पूर्ण होते.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ अन्वये वेठीचे कर्ज रद्द ठरते. जिल्हा व उपविभागीय स्तरावर दक्षता समित्या नेमावयाच्या असतात. कलम १५ नुसार कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर असतो. फरिदाबादच्या दगडखाणींविषयीच्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात डिसेंबर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, सक्तीचे श्रम दिसून आल्यास ते उचल किंवा तत्सम लाभापोटी आहेत, असेच गृहीत धरावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १४३ मानवी अपव्यापाराविषयी व कलम १४६ बेकायदेशीर सक्तीच्या श्रमाविषयी आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रम संहितांचाही येथे विचार करावा लागतो. वेतन संहिता, २०१९ नुसार वेतनातील एकूण कपात ५० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही आणि काम सोडणाऱ्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो. वरील कल्पित उदाहरणातील कपात ८२ टक्के होती, हे येथे आठवावे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० नुसार ठेकेदाराने वेतन न दिल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येते. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास ही संहिता काही अपवाद वगळता मनाई करते. सफाई व कचरा संकलन हे इतर आस्थापनांसाठी गाभ्याचे काम मानलेले नाही. पण जी आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झाली, तिला ही सवलत नाही. दुसरीकडे, कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा ५० करण्यात आली आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्यात ती २० होती. लहान उपठेकेदारांची साखळी या मर्यादेखाली राहू शकते. म्हणून केवळ परवाना तपासणे पुरेसे नाही.

साखळीची दोन टोके

कंपनीची पुरवठा साखळी म्हणताच तिला लागणाऱ्या वस्तू व सेवा आठवतात. हातमोजे, गणवेश, कचरापेट्या, वाहने, सुरक्षारक्षक आणि मजूर पुरविणाऱ्या संस्था हे तिचे एक टोक आहे. कचरा कंपनीस दुसरे टोकही असते. वेगळे केलेले प्लास्टिक, काच, धातू आणि निकामी विद्युत उपकरणे कोणास विकली जातात आणि तेथे ती कोण सोलतो, जाळतो, आम्लात बुडवितो? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत व उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे निकामी विद्युत उपकरणांतून तांबे व इतर धातू काढण्याचे काम लहान खोल्यांतून चालत आलेले आहे. कंपनीच्या फाटकातून ट्रक बाहेर पडला म्हणून त्या हातांशी तिचा संबंध संपत नाही.

विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या नियमांमुळे हे टोक अधिक महत्त्वाचे झाले आहे. प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी २०२२ च्या सुधारणांनी आणि विद्युत उपकरणांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची उद्दिष्टे टाकली. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणकर्त्याकडून प्रमाणपत्र घेऊन ती पूर्ण करता येतात. या प्रमाणपत्रात मालाचे वजन असते. तो माल कोणत्या परिस्थितीत वेचला गेला, याचा हिशेब नसतो. पर्यावरणाचे उद्दिष्ट गाठताना श्रमाचा हिशेब सुटू नये, यासाठी दोन्ही नोंदी एकत्र आणणे हे धोरणकर्त्यांपुढील काम आहे.

मलटाक्यांच्या सफाईचेही तसेच आहे. हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. भूमिगत गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई निश्चित केली. तरीही हे काम तोंडी सांगून उपठेकेदारास देण्याची प्रथा टिकून आहे. लेखी करार नसला, की मृत्यूनंतर मालकही सापडत नाही.

प्रतिबंधाची कार्यपद्धती

संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये मान्य केलेली व्यवसाय व मानवी हक्कविषयक मार्गदर्शक तत्त्वे तीन आधारांवर उभी आहेत. राज्याने हक्कांचे संरक्षण करावे, उद्योगाने हक्कांचा आदर करावा आणि हानी झालेल्यास निवारण मिळावे. कचरा कंपनीसाठी यातून पुढील उपाययोजना निष्पन्न होते.

पहिली बाब, साखळीचा नकाशा. आपल्या कामावर शेवटचा हात कोणाचा आहे, हे कंपनीस माहीत असावे. त्यासाठी लेखी परवानगीशिवाय उपठेका देण्यास करारात मनाई असावी.

दुसरी बाब, भरतीचा खर्च. नोकरी मिळविण्यासाठी कामगाराने पैसे देऊ नयेत. तो खर्च कंपनीने सोसावा. उचल देणे अपरिहार्य असेल, तर ती कंपनीने बिनव्याजी, लेखी आणि मर्यादित हप्त्यांत द्यावी. उचल बाकी असली तरी काम सोडण्याचा हक्क अबाधित राहतो, हे कामगारास त्याच्या भाषेत सांगावे.

तिसरी बाब, वेतन. ते कामगाराच्याच खात्यात जमा व्हावे आणि खात्याचे कार्ड त्याच्याच हाती आहे, याची खात्री व्हावी. ब्रिटनमधील खटल्याने दाखविल्याप्रमाणे पहिली अट दुसरीशिवाय अपुरी आहे. ओळखपत्रे पाहून त्याच वेळी परत करावीत.

चौथी बाब, तपासणी. पूर्वसूचना देऊन केलेल्या भेटीत स्वच्छ गणवेश दिसतात. रात्रपाळीत, निवासाच्या ठिकाणी, मुकादमाच्या अनुपस्थितीत आणि कामगाराच्या भाषेत केलेली विचारपूस अधिक सत्य सांगते. तक्रार करणाऱ्याचे काम जाणार नाही, ही हमी नसेल तर तक्रारपेटी रिकामीच राहते.

पाचवी बाब, दर. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि सुरक्षासाधने यांचा खर्च मिळविल्यावर जो आकडा येतो, त्याहून कमी दराची निविदा कायदा मोडल्याशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. अशी निविदा स्वीकारणारी नगरपालिकाही जबाबदारीत वाटेकरी होते. सक्तीच्या श्रमाचा प्रतिबंध पुष्कळदा निविदा उघडण्याच्या दिवशीच यशस्वी किंवा अयशस्वी ठरतो.

महाराष्ट्रातील दोन अनुभव

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या कचरा कामातील सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांनी आपला खरा मालक कोण, या प्रश्नावर दीर्घ लढा दिला. तो दावा वेठबिगारीचा नव्हता. परंतु ठेक्याच्या पडद्यामागील मालक शोधण्याचा होता. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये कामगारांच्या बाजूने निर्णय दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कामगारांची कायम होण्याची मागणी मान्य झाली.

पुण्याचा अनुभव वेगळ्या वाटेचा आहे. १९९३ मध्ये तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. २००८ मध्ये कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि पुणे महानगरपालिका यांच्यात दारोदारच्या संकलनासाठी करार झाला. सभासद स्त्रिया घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात, शुल्क थेट घेतात आणि सुक्या मालाची विक्री स्वतः करतात. मुकादमाची पायरीच नसल्याने उचलीचा पाश पडण्यास जागा कमी राहते. शुल्कवसुलीच्या अडचणी व करार नूतनीकरणाची अनिश्चितता या प्रयोगासही भोगाव्या लागल्या. तथापि साखळी आखूड केल्याने श्रम मुक्त होतात, हे त्याने दाखविले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांच्या समावेशाचे तत्त्व स्वीकारले आणि २०२४ मध्ये ‘नमस्ते’ योजनेत त्यांचा समावेश झाला, ही या दिशेची पुढील पावले होत.

सुटकेनंतर

एखाद्या पुरवठादाराकडे वेठबिगारी आढळल्यास कंपनीची पहिली प्रतिक्रिया करार तोडण्याची असते. तिने कंपनीचे नाव वाचते. कामगाराचे काय होते? ठेकेदार त्याला रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात हलवितो आणि पुरावाही त्याच्यासोबत जातो. म्हणून प्रथम कामगाराची सुरक्षितता, जिल्हा दंडाधिकाऱ्यांस कळविणे आणि थकलेले वेतन चुकते करणे हा क्रम असावा. करार तोडण्याचा निर्णय त्यानंतरचा.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत मुक्त वेठबिगारास प्रवर्गानुसार १ लाख, २ लाख किंवा ३ लाख रुपये साहाय्याची तरतूद झाली. तातडीचे साहाय्य पुढे ३० हजार रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. कर्जाच्या जागी उपजीविकेचे साधन मिळाले नाही, तर मुक्त झालेले कुटुंब पुढील हंगामात दुसऱ्या मुकादमाच्या दारी उभे राहते. सुटका आणि पुनर्वसन ही एकाच कामाची दोन अंगे मानावी लागतात.

समारोप

शाश्वत विकासाच्या ८.७ क्रमांकाच्या लक्ष्यानुसार सक्तीचे श्रम व आधुनिक गुलामगिरी संपविण्यासाठी तातडीची परिणामकारक पावले उचलण्याचे वचन राष्ट्रांनी दिले आहे. स्वच्छ शहराचे स्वप्न आणि हे वचन यांत विरोध नाही. मात्र शहर किती स्वच्छ झाले, हे टनांत मोजताना ते कोणाच्या हातांनी झाले, हेही मोजले गेले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण उद्या प्रशासनात प्रवेश करतील. कोणी नगरपालिकेचे मुख्याधिकारी होतील, कोणी उपविभागीय दंडाधिकारी म्हणून दक्षता समितीचे काम पाहतील. एखाद्या दिवशी समोर कचरा संकलनाची निविदा येईल. तिच्यातील दर सर्वांत कमी असेल आणि स्वाक्षरीची घाई असेल. त्या वेळी त्या दराला कामगारांच्या संख्येने भागून पाहावे. येणारा आकडा किमान वेतनाहून कमी असेल, तर उरलेली रक्कम कोणाच्या पोटातून काढली जाणार, हा प्रश्न स्वाक्षरीपूर्वी विचारावा. अनुच्छेद २३ ची अंमलबजावणी न्यायालयात होते, त्याप्रमाणे ती या मेजावरही होऊ शकते.